बजेट मॉडेलची गिटार जरूर घ्या, कानस आपल्याकडे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या छंदांवर एक मोठा लेख आला होता. त्यात इलेक्ट्रिक गिटारविषयी असं म्हटलं होतं की नावाजलेल्या कंपनीचं स्वस्तातलं मॉडेल घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, त्यापेक्षा दोन-तीन वर्षं साठवावं आणि मग अस्सल घ्यावी. लेख चांगला होता, पण ते वाचून आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी मुलाच्या गिटारचा बेतच रद्द केला. मुलगा अकरावीला आहे. दोन-तीन वर्षांनी तो कुठे असेल आणि त्याची बोटं कशात गुंतली असतील, कोण सांगणार? म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी स्वतः गिटार वाजवत नाही. अक्कलकोट रोडला माझं मोटार वाइंडिंगचं वर्कशॉप आहे, पंचवीसहून जास्त वर्षं झाली. यंत्रमागाची मोटार जळाली की ती माझ्याकडे येते. गिटारशी माझा संबंध आला तो १९९७ साली, गणपतीच्या दिवसांत. एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला दुपारी दोन वाजता धापा टाकत आला. रात्री पूर्व भागात कार्यक्रम आणि गिटारचा पिकअप बंद. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकावरची कॉइल. तारेचं कंपन ती विजेत पकडते आणि अॅम्प्लिफायरला देते. मी मल्टीमीटर लावला, कॉइल ओपन, म्हणजे आत तार तुटलेली. आत केसासारखी बारीक इनॅमल तार, मोटारीला आम्ही वापरतो तिच्या साधारण एक दशांश. एका जुन्या टाइमरमधल्या रिलेची कॉइल उलगडून, हँड मशीनवर श्वास रोखून सात हजारांच्या वर फेरे भरले. संध्याकाळी सात वाजता ती वाजली. त्या दिवसापासून सोलापुरातल्या गिटारी माझ्या टेबलावर येऊ लागल्या, आणि २०२१ साली एक माझ्या घरातच आली, माझ्या मुलीची.

बजेट मॉडेल म्हणजे नेमकं काय, इथूनच बहुतेकांचा घोटाळा होतो. आपण सोलापूरकरांनी हे चादरीवरून समजून घ्यावं. आपल्या चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरगावची चादर ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास खपते. तो झाला खोटा माल. पण इथलाच कारखानदार नक्षी विणणाऱ्या त्याच जेकॉर्ड मागावर, त्याच डिझाइनची एक भारी वजनाची आणि एक हलक्या वजनाची चादर काढतो, त्यातल्या हलकीला कुणी खोटी म्हणत नाही. ती त्याच घरातली असते, फक्त सूत कमी पडलेलं असतं.

गिटारचंही तसंच आहे. फेंडर कंपनीचं स्ट्रॅटोकास्टर हे मॉडेल १९५४ सालचं. त्याचं स्वस्त रूप ‘स्क्वायर’ या नावाने मिळतं आणि ते नाव फेंडरच्याच मालकीचं आहे. मुळात ती अमेरिकेतली तारा बनवणारी जुनी कंपनी, १९६५ साली फेंडरने घेतली. १९७०च्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या इतक्या चांगल्या नकला करू लागले की शेवटी १९८२ साली फेंडरने जपानमध्येच स्वतःचं उत्पादन सुरू केलं आणि स्वस्त मालावर स्क्वायरचं नाव घातलं. त्या पहिल्या काही वर्षांतल्या जपानी स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. गिब्सनचं स्वस्त भावंड म्हणजे एपिफोन. ती तर एकेकाळी गिब्सनची प्रतिस्पर्धी होती, १९५७ साली गिब्सनच्या मालकांनी विकत घेतली. पीआरएस कंपनीच्या स्वस्तातल्या एसई मालिकेतल्या बहुतेक गिटारी इंडोनेशियात बनतात. या सगळ्या त्या-त्या घरच्याच गिटारी आहेत. आकार, मापं, तारांची लांबी मूळ कंपनीने ठरवलेली.

हे लांबीचं महत्त्वाचं आहे म्हणून थोडं थांबतो. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची वाजणारी लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. मानेवर ज्या धातूच्या पट्ट्या असतात, सतारीला आपण ज्यांना पडदे म्हणतो आणि गिटारवाले फ्रेट म्हणतात, त्यांच्या जागा गणिताने ठरतात. पहिला फ्रेट वरच्या टोकापासून ३६.४ मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर. ते गणित दीड लाखाच्या आणि पंचवीस हजारांच्या गिटारीला एकच आहे आणि त्या खाचा आता मशीनवर पडतात. मी व्हर्निअरने मोजून पाहिलं आहे. म्हणजे मुलाची बोटं स्वस्त गिटारीवर जे अंतर शिकतील तेच अंतर त्यांना पुढे महागड्या गिटारीवर मिळणार. शिकलेलं काही वाया जात नाही.

मग पैसे कुठे वाचवलेले असतात? मुलीची गिटार आली त्या रात्री मी ती पूर्ण उघडली. मुलगी माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिच्या मांजराचं ऑपरेशन करतोय. साडेतेवीस हजारांची स्क्वायर, डोक्याच्या मागे इंडोनेशिया छापलेलं.

पिकअपमध्ये सेरॅमिक चुंबक. महाग गिटारीत अल्निको असतो, अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा. सेरॅमिकचा आवाज जरा टणक आणि टोकदार लागतो, अल्निकोचा गोल. पण कॉइल नीट भरलेली, वाचन सहा किलोओहमच्या आसपास, जे असायला हवं तेच. आवाज कमीजास्त करायची बटणं, म्हणजे पोटेन्शिओमीटर, लहान आकाराची आणि हलकी. स्विच बंद डबीतला. तारा जिथे अडकतात त्या ब्रिजखालचा ठोकळा ओतीव मिश्रधातूचा, महागात तो पोलादी असतो. अंगाचं लाकूड पॉपलर, त्यावर जाड पॉलिस्टरचा थर. तारांच्या वरच्या टोकाला, जिथे त्या खाचेतून जातात, तिथे प्लॅस्टिकचा तुकडा. आत लाकडाच्या खोबणीत बाहेरची विद्युत घरघर अडवायला काहीही लावलेलं नाही.

आणि बोटं जिथे पडतात ती पट्टी? कागदावर लिहिलं होतं ‘इंडियन लॉरेल’. मला वाटलं काहीतरी परदेशी असेल. शोधल्यावर कळलं, हा तर आपला ऐन! आमच्या आजोबांच्या घराचे वासे ऐनाचे होते. मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं झाड, सह्याद्रीत कुठेही बघा. पूर्वी या जागी शिसवी घालायचे. पण २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आल्या, प्रत्येक खेपेला परवान्याची कागदपत्रं लागू लागली, आणि स्वस्त गिटारवाले ऐनाकडे वळले. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तरी ऐन टिकून राहिला. रंगाने थोडा फिका, रेषा जास्त उठून दिसतात, जरा कोरडा वाटतो. पण ज्या लाकडावर आपल्याकडच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या छप्पर पेललं, त्याला हलकं लाकूड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वर्षातून दोनदा चार थेंब तेलाचा हात फिरवला की तो छान काळसर होतो.

आता खरी गोष्ट सांगतो. सगळ्यात जास्त पैसे वाचवलेले असतात ते माणसाच्या हाताचे. कारखान्यात शेवटचा जो हात फिरायला हवा तो फिरलेला नसतो. फ्रेटची टोकं गोल करणं, खाचा तारेच्या जाडीप्रमाणे खोल करणं, मान तोलणं, प्रत्येक तारेचा सूर बाराव्या फ्रेटवर जुळवणं, या सगळ्याला कसबी माणसाचे काही तास जातात. अमेरिकेत त्या तासांची किंमत मोठी असते. स्वस्त मॉडेलमधून ते तास काढून टाकलेले असतात.

हे मला कळलं एप्रिलमध्ये. गिटार डिसेंबरात आली तेव्हा ठीक होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीने डाव्या हाताची तर्जनी दाखवली, बाजूला बारीक ओरखडे. मी मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला तर करवतीसारखं लागलं. इंडोनेशियाच्या दमट हवेत बनलेली मान आपल्या कोरड्या उन्हाळ्यात, ४२-४३ अंशांत, आकसली होती. लाकूड आकसलं, धातू आहे तेवढाच राहिला, त्यामुळे फ्रेटची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली. २१ फ्रेट, दोन बाजू, ४२ टोकं. ऐनावर चिकटपट्टी लावून घेतली, घड्याळजी वापरतात तसली बारीक कानस घेतली आणि एकेक टोक आधी सपाट, मग तिरकं, मग गोल केलं. शेवटी झिरो नंबरचा पॉलिश पेपर. अडीच तास लागले. मुलीने हात फिरवला आणि काही बोललीच नाही, सरळ वाजवायला बसली.

एक सूचना इथेच देतो. उन्हाळ्यात गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. रात्रभर ओली हवा आणि दिवसभर कोरडी, यात मान रोज वाकते आणि रोज सुटते. पिशवीत घालून कपाटात ठेवावी.

त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचं काम मात्र मी मिरजेहून करून आणलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली मानांकन मिळालं ते आपण वाचलंच असेल. नातेवाइकांकडे लग्नाला गेलो होतो, तेव्हा मान सोडवून सोबत नेली. एका वयस्कर कारागिराने ती हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, “लाकूड बरं आहे हो, नुसतं कुणी ऐकलेलं नाही याला.” मग हाडाचा तुकडा घासून, खाचा पाडून, तारेने तपासत तपासत बसवून दिला. तंबोऱ्याची जवारी काढतात तो हात. घोडीवरचा पृष्ठभाग केसभर घासला की बंद आवाज उघडतो, हे ज्यांना पिढीजात ठाऊक आहे त्यांना गिटारची खाच ती काय. तंबोरा दुकानातून आणला की जवारी काढल्याशिवाय कुणी गायला बसत नाही, आणि त्यासाठी कुणी तंबोऱ्याला कमअस्सल म्हणत नाही. गिटारचा ‘सेटअप’ म्हणतात तो याच जातीचा. मग गिटार विकणारे तो करून का देत नाहीत? आम्ही ज्या दुकानातून घेतली त्यांनी खोकं फोडून तारा चढवल्या आणि बिल हातात दिलं. बाराव्या फ्रेटवर तार इतकी उंच होती की नवशिक्या मुलाचं बोट आठ दिवसांत सोलून निघावं. असं झालं की मुलं गिटार सोडून देतात, आणि घरचे म्हणतात स्वस्त घेतली म्हणून असं झालं.

सेटअपला काय लागतं तेही सांगतो. मानेच्या आत एक सळई असते, ती अॅलन कीने फिरवून मानेचा बाक ठरवायचा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवायचं नाही, आणि मग थांबायचं. मी मोटारीच्या कामाचं फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पात्या, वापरतो, मधोमध पाव मिलिमीटरचा बाक ठेवतो. १७व्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटर. नऊ नंबरच्या, म्हणजे बारीक तारांचा संच. खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली, पोटेन्शिओमीटर २५० किलोओहमचे चांगले घातले. मिरजेची मजुरी धरून एकूण खर्च ३,१०० रुपये. गिटार साडेतेवीसवरून सव्वीस हजार सहाशेची झाली.

गेल्या वर्षी एका व्यावसायिक वादकाने आपली अमेरिकन स्ट्रॅट, म्हणजे फेंडरची अस्सल स्ट्रॅटोकास्टर, माझ्याकडे दिली, एक सोल्डर सुटला होता. दीड लाखाच्या वरची वस्तू. रात्रभर ती माझ्याकडे होती, त्यांच्या परवानगीने दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. मीटरवर फरक किरकोळ. हातात फरक होता, आणि तो खरा होता. त्या मानेच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल, फ्रेट बोटाला कळतच नाहीत. खुंट्या फिरवताना कुठे झोल नाही. स्वच्छ आवाजात मंद वाजवलं की सूर जरा जास्त उघडा लागायचा. तेवढं मी मान्य करतो. पण मुलीने अॅम्प्लिफायरवर डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो फाटका आवाज, चढवलं आणि मला पाठ करून बसायला सांगितलं, तेव्हा सहापैकी तीन वेळा माझा अंदाज चुकला. सव्वा लाखाचा फरक मला माझ्या कानांनी सापडला नाही. रोज रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या गोल कडांची किंमत आहे, त्याने ती द्यावी. अकरावीतल्या मुलाला नाही.

आता काय घेऊ नये ते. खोकं, कव्हर, बेल्ट, केबल आणि छोटा अॅम्प सगळं मिळून सहा-सात हजारांत देतात ती बिननावाची गिटार घेऊ नका. तिच्या खुंट्या सुटतात, सूर पाच मिनिटं टिकत नाही, आणि सूर न टिकणाऱ्या वाद्यावर मुलाचा कान बिघडतो. त्याहून वाईट म्हणजे खोट्या नावाची. एक विद्यार्थी माझ्याकडे मोठ्या अमेरिकन कंपनीचं नाव असलेली गिटार घेऊन आला, ऑनलाइन कुणाकडून तरी १८,००० ला घेतलेली. नावाचा स्टिकर नखाने निघाला. आत उघडलं तर अर्थची तार ब्रिजला पोचलेलीच नव्हती, ब्रिज जागेपासून सरकलेला, त्यामुळे वरच्या फ्रेटवर कोणतीच तार सुरात येईना. तेवढ्याच पैशात त्याला घरची स्क्वायर किंवा एपिफोनचं सुरुवातीचं मॉडेल मिळालं असतं. तो मुलगा माझ्या टेबलाशी उभा होता आणि मला त्याला सांगायचं जिवावर आलं. ज्यांना विचारायला कुणी नाही अशा मुलांना असं फसवणं मला फार लागतं.

आणि स्वस्त गिटारीत महागडे पिकअप घालायचा नाद करू नका. बारा हजारांच्या गिटारीत दहा हजारांचे पिकअप घालण्यापेक्षा ते पैसे बऱ्या अॅम्प्लिफायरला घाला. इलेक्ट्रिक गिटारचा निम्मा आवाज अॅम्पमध्ये असतो, हे दुकानदार सांगत नाहीत.

अॅम्पवरून एक गंभीर गोष्ट, जी प्रत्येक पालकाने वाचावी. मुलगी जुळे सोलापुरात मैत्रिणीच्या भाड्याच्या घरी सराव करायची. एकदा म्हणाली, “बाबा, तिथे तारांना हात लावला की मुंग्या येतात.” मी त्याच संध्याकाळी टेस्ट लॅम्प घेऊन गेलो. सॉकेटला तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे तारच नव्हती. गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलने थेट अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अॅम्पला अर्थिंग नसेल आणि आत गळती असेल तर ती वीज मुलाच्या बोटांत येते. एक हात तारांवर आणि तोंड माइकला लागलं तर जीव जाऊ शकतो. यात गिटार स्वस्त की महाग याचा संबंध नाही. गिटार घ्यायच्या आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. खड्ड्यातलं मीठ-कोळसा किती वर्षांपूर्वी घातलं होतं ते आठवा, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा लावू नका, कितीही घाई असली तरी.

माझं म्हणणं इतकंच आहे की नामवंत घराण्याचं बजेट मॉडेल घ्यावं, आणि घेतानाच तीन-चार हजार रुपये शेवटच्या हातासाठी बाजूला ठेवावेत. तो हात आपल्याकडे आहे. ज्या गावात जॉबर, म्हणजे मागाची देखभाल करणारा कारागीर, माग चालू असताना नुसत्या आवाजावरून कुठला भाग ढिला झालाय ते सांगतो, त्या गावात फ्रेटची टोकं घासणारा माणूस तयार होणार नाही का? आयटीआयमधल्या फिटरच्या मुलांना आठ दिवसांत हे काम येईल. सध्या सोलापुरातली मुलं गिटार पिशवीत घालून एवढ्यासाठी पुण्याला जातात, जाण्या-येण्याचं भाडं आणि एक दिवस घालवून. आपण या विषयावर एकदा लिहावं, वाद्यदुरुस्तीचं काम शिकू इच्छिणाऱ्या तरुणांना पुढे बोलवावं, अशी माझी विनंती आहे. शिकवायला मी तयार आहे, फी घेणार नाही.

आमच्या गल्लीतल्या त्या गृहस्थांना मी परवा घरी बोलावलं. मुलीची गिटार त्यांच्या मुलाच्या हातात दिली. त्याला एकच सूर येत होता, तो त्याने वीस मिनिटं वाजवला. वडील चहा घेत ऐकत बसले होते. जाताना त्यांनी मॉडेलचं नाव माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं.

रविवारी वर्कशॉप बंद असतं, पण चारनंतर मी आत असतो आणि शटर अर्धं वर असतं. ज्या मुलांच्या बोटांना फ्रेट टोचतायत त्यांनी गिटार घेऊन वाकून आत यावं.

आपला,
एक मोटार वाइंडर,
अक्कलकोट रोड, सोलापूर